घाटातल्या पाणथळीचा गाळ कसा वाचावा

गोव्यातल्या सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांतल्या सह्याद्रीत एप्रिल-मेच्या कडाक्यातही पाय घोट्यापर्यंत रुतेल अशा जागा आहेत. कुठे झऱ्याच्या तोंडाशी, कुठे देवराईच्या पोटात, कुठे दोन डोंगरांच्या बेचक्यात. पावसाने वाहून आणलेली माती, गळलेली पाने, वाऱ्यावर आलेले परागकण, वणव्याच्या कोळशाची भुकटी असे सगळे तिथे थरावर थर साचत जाते. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून ते कुजतही नाही. हे थर वाचले की भोवतालचे जुने रान आणि जुना पाऊस कसा होता ते ताडता येते, आणि त्यात मुख्य साक्षीदार परागकण. परागकणाचे बाहेरचे कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचे असते. आम्लात उकळले तरी टिकणारा हा पदार्थ हवा आणि ओल आलटूनपालटून लागली की मात्र काही वर्षांत झिजून जातो. पुढचे जवळजवळ प्रत्येक पाऊल या एका गोष्टीवर ठरते.

परागकण मोजून जुन्या वनस्पतींचा आलेख काढायची रीत स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली मांडली. युरोपातल्या थंड दलदलीत ती सोपी जाते. गोव्यात तसे नाही. इथे ३,००० मिलिमीटर आणि घाटात त्याहून पुष्कळ जास्त पाऊस चार महिन्यांत कोसळतो, उरलेले आठ महिने जमीन तापते, आणि पाणी मिळेल तिथे शतकानुशतके माणूस भात, सुपारी, गुरे घेऊन पोचलेला आहे. त्यामुळे गाळात दिसणारा बदल पावसाचा की माणसाचा, हा प्रश्न अखेरीस नव्हे, जागा निवडतानाच विचारायचा असतो.

जागा

सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरची, डबकी सुंदर असतात, पावसाळ्यात फुलांनी भरतात, पण या कामाला ती निरुपयोगी. जांभ्यावरची ती ओल डिसेंबर-जानेवारीपर्यंत आटते आणि गाळ दरवर्षी हवेला उघडा पडतो. चोर्ल्याच्या बाजूच्या पठारांवर दोन-तीन फूट काळी माती दिसली तरी हुरळून जाऊ नये. ती माती आहे, साचलेला गाळ नाही. देवळांच्या बांधीव तळ्यांतला गाळ वेळोवेळी उपसलेला असतो. करमळीसारख्या मोठ्या तळ्यात सभोवतालच्या भाताचा आणि माणसाच्या वावराचा आवाज इतका मोठा असतो की डोंगरावरच्या रानाचे म्हणणे ऐकू येत नाही.

हवी ती जागा अशी असते: दरीच्या अगदी माथ्याकडे, मोठा ओहोळ आत न शिरणारी, झिरपणाऱ्या पाण्यावर बारमाही ओली राहणारी. रुंदी शंभर मीटरच्या आत असली तर मुख्यतः आसपासच्या रानाचे पराग मिळतात. मोठ्या पाणथळीत साऱ्या प्रदेशाचे पराग मिसळतात. जंगली जायफळाच्या कुळातल्या झाडांच्या दलदली, ज्यांची गुडघ्यासारखी मुळे चिखलातून वर डोकावतात, या दृष्टीने उत्तम. सत्तरीत बांबरची निरंकाराची राय ही त्यांतली सर्वांना ठाऊक असलेली. पण अशा ठिकाणी पहिला हात शिकायला जाऊ नये. आधी एखाद्या साध्या, कमी नाजूक पाणथळीत सराव करावा.

परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात घ्यावी. हाताच्या ऑगरने (माती पोखरायच्या गिरमिटाने) अर्धा मीटर खोल छिद्र पाडून तासभर थांबा. पाणी जमिनीपासून १० ते २० सेंटिमीटरच्या आत येऊन थांबले तर जागा बारमाही ओली आहे. मग वर आलेली माती बघा. राखाडी, काळपट, कुजक्या अंड्याचा वास येणारी असेल तर हवा पोचलेली नाही. तिच्यात नारिंगी-तांबडे ठिपके आणि मुळांभोवती गंजासारखी नळी दिसली तर तो थर कधी ना कधी सुकला आहे आणि त्यातले पराग अर्धवट खाल्लेले निघणार. असे ठिपके वरच्या ३० सेंटिमीटरमध्येच असतील आणि खाली स्वच्छ राखाडी असेल तर जागा सोडू नका. उलट क्रम असेल, म्हणजे वर काळे आणि खाली ठिपकेदार, तर ही पाणथळ अलीकडची आहे, बहुधा कुणीतरी खाली बांध घातल्यामुळे झालेली.

त्यासाठी गावातल्या जुन्या माणसांशी बसून बोलणे हे यंत्राइतकेच महत्त्वाचे आहे. इथे पूर्वी वायंगण (पावसाळ्यानंतरचे भात) होत होते का? कुळागराला (सुपारीच्या बागेला) पाणी कुठून नेले? म्हशी कुठे डुंबायच्या? वरच्या उतारावर कुमेरी (रान जाळून केलेली फिरती शेती) केव्हापर्यंत चालली? घाटातल्या कितीतरी दलदली निचरा करून कुळागरात घेतल्या गेल्या आहेत, आणि जिथे कधी नांगर फिरला तिथले वरचे १५-२० सेंटिमीटर ढवळलेलेच धरावेत.

परवानगी आणि देवराईचा मान

म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर या अभयारण्यांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अर्जात छिद्रे किती, व्यास किती, गाळ किती किलो नेणार, भोक कसे बुजवणार हे आकड्यांत लिहा. मोघम अर्ज प्रश्न विचारायला परत येतो आणि तेवढ्यात मोसम निघून जातो. देवराई असेल तर कागदाच्याही आधी गावकऱ्यांकडे जावे. ते गाऱ्हाणे घालून देवाला विचारू म्हणाले तर त्यांच्या दिवसाप्रमाणे थांबा. चपला बाहेर काढायला सांगितल्या तर काढा. नकार आला तर दुसरी जागा शोधा.

काम फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत उरकायचे. पाणी उतरलेले असते, पायाला आधार मिळतो. मात्र हाच माकडतापाचाही मोसम आहे, आणि सत्तरीत हा ताप गेल्या दशकात माणसांना झालेला आहे. गोचिडी पाचोळ्यात असतात. पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यांत खोचलेली, उघड्या अंगाला गोचीडरोधक तेल, आणि परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ व कपड्यांची उकळ. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. पाचोळ्यावर, वेलींवर चापडा हा विषारी साप बसलेला असतो, म्हणून हात टेकण्याआधी काठीने बघा.

गाळाचा कोअर काढणे

कोअर म्हणजे थरांचा क्रम न मोडता काढलेली गाळाची उभी कांडी. आधी तळ शोधा. १० मिलिमीटर जाडीची, एकेक मीटरचे तुकडे जोडता येणारी लोखंडी सळई घेऊन ५ मीटरच्या चौकटीत खुपसत जा. मऊ गाळात ती अंगच्या भाराने जाते. वाळूत करकरते. जांभ्यावर ठणकते. सर्वांत खोल जागा बहुधा मध्यभागी नसते, जुन्या ओहोळाच्या पात्रात असते, आणि तिथे पुराच्या वाळूचे थर भरलेले सापडतात. म्हणून सर्वांत खोल ठिकाणापेक्षा सर्वांत कमी करकरणारे ठिकाण निवडा. मीटरभर अखंड बारीक गाळ हा तीन मीटर वाळूमिश्रित गाळापेक्षा जास्त सांगतो.

अवजार म्हणून रशियन कोअरर घ्यावा. अर्धगोल कप्पा, ५० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर व्यासाचा. बंद अवस्थेत हव्या त्या खोलीपर्यंत ढकलायचा, तिथे अर्धा फेरा फिरवायचा, की कप्पा बाजूचा गाळ कापून आत बंद करतो. गाळ दाबला जात नाही हा त्याचा मोठा गुण. नुसता प्लॅस्टिकचा पाइप ठोकला तर आतला गाळ दबतो आणि खोलीचा हिशेब चुकतो. पाइपच वापरायचा असेल तर ठोकण्याआधी आणि नंतर पाइपच्या आतल्या व बाहेरच्या गाळाची उंची मोजून फरक लिहून ठेवा.

दोन छिद्रे घ्यायची, एकमेकांपासून अर्धा मीटरवर. पहिल्यात ०–५०, ५०–१०० असे. दुसऱ्यात २५–७५, ७५–१२५ असे. कारण कोअररचे टोक खालच्या १० सेंटिमीटरला इजा करते. एकाच छिद्रातून सलग घेतले तर दर अर्ध्या मीटरवर एक खराब पट्टी राहते, आणि नंतर तिथेच नेमका बदल दिसतो. तो बदल की अवजाराची खूण, हे मग सांगता येत नाही.

वरचा अगदी पातळ, मुळांनी विणलेला भाग कोअररमध्ये नीट येत नाही. त्यासाठी ३०×१०×१० सेंटिमीटरचा उघडा पत्र्याचा खोका खणलेल्या खड्ड्याच्या भिंतीत दाबून सुरीने कापून घ्या. गेल्या दोन-तीनशे वर्षांचा इतिहास याच तुकड्यात असतो, तेव्हा इथे घाई नको.

प्रत्येक तुकडा उभ्या चिरलेल्या प्लॅस्टिक पाइपात ठेवा, आधी पातळ प्लॅस्टिकमध्ये, मग अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळा. ‘वर’ असा बाण, छिद्राचा क्रमांक, खोली हे तीन ठिकाणी लिहा, कारण ओल्या चिखलात एक लेबल हमखास निघते. रंग मुन्सेलच्या (मातीच्या रंगांच्या) तक्त्यावरून तिथल्या तिथे नोंदवा. हवा लागली की काळा गाळ अर्ध्या तासात तपकिरी होतो आणि प्रयोगशाळेत घेतलेली रंगाची नोंद खोटी ठरते. त्याच संध्याकाळी ४ अंशावर थंडाव्यात ठेवा. गोठवू नका, बर्फाने थर फाटतात.

भोक तसेच सोडून यायचे नाही. अशा दलदलीखाली चिकणमातीचा थर पाणी धरून असतो, आणि त्याला भोक पडले तर पाणी खाली निघून जाऊ शकते. त्याच पाणथळीच्या कडेची घट्ट चिकणमाती गोळे करून ठासून भरा.

पराग मोजण्याआधी वय

पुष्कळ जण आधी महिनोन्‌महिने पराग मोजतात आणि मग तारखा मागवतात. हा क्रम उलटा करा. तळाची एक आणि मधली एक अशा दोन रेडिओकार्बन तारखा आधी घ्या. तळ दोनशे वर्षांचा निघाला, किंवा मधला थर तळापेक्षा जुना निघाला, तर तो कोअर तिथेच बाजूला ठेवायचा.

एएमएस (त्वरकाने रेडिओकार्बनचे अणू मोजायच्या) पद्धतीला सुमारे १ मिलिग्रॅम कार्बन पुरतो. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत अशी यंत्रणा आहे. पाठवायचे काय, हाच खरा प्रश्न. पानाचा तुकडा, बी, फळाची साल सर्वोत्तम. नुसता गाळ नको, कारण उतारावरची जुनी माती त्यात धुऊन आलेली असते आणि वय फुगते. मुळे तर मुळीच नकोत. लव्हाळ्याची आणि केवड्याची मुळे मीटरभर खाली जातात, आणि तिथली तारीख शेकडो वर्षांनी तरुण येते. पानाचा तुकडा शोधायला दोन सेंटिमीटरचा काप २५० मायक्रॉनच्या जाळीवर पाण्याने धुवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने वेचा. चपटा, शिरा दिसणारा तुकडा पानाचा. गोल, पोकळ, केसाळ तो मुळाचा. शंका असेल तर टाकून द्या.

आलेले वय कॅलेंडरच्या वर्षांत बदलायला इंटकॅल२० हा वक्र वापरतात, आणि १९५० नंतरच्या नमुन्यांसाठी अणुचाचण्यांनंतरचा, उत्तर गोलार्धाच्या तिसऱ्या विभागाचा. गोव्याच्या दृष्टीने एक अडचण इथे ठळक आहे. साधारण १६५० ते १९५० या काळात हा वक्र इतका वळवळतो की एका मोजमापाला तीन-चार वेगवेगळी शतके लागू पडतात. म्हणजे नव्या काबिजादीतल्या (पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात घेतलेल्या या घाटाकडच्या तालुक्यांतल्या) जमीनवापराबद्दल सर्वांत जास्त उत्सुकता असते, नेमके तिथेच रेडिओकार्बन हात टेकतो.

तिथे दुसरे उपाय घ्यायचे. किरणोत्सारी शिसे-२१० चे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे, म्हणून ते साधारण शंभर ते दीडशे वर्षांपर्यंत उपयोगी. अणुचाचण्यांतून पसरलेल्या सीझियम-१३७ चे शिखर १९६३ चे, पण ते इथे क्षीण मिळते आणि आम्लधर्मी गाळात खालीवर सरकते. त्याहून भरवशाच्या दोन खुणा वनस्पतींच्या आहेत. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला, तेव्हा काजूचा पराग ज्या थरात सापडला तो थर त्यानंतरचाच. उलट अर्थ काढू नका. काजूचे परागवहन कीटक करतात, पराग थोडा आणि जवळच पडतो, म्हणून तो सापडला नाही यावरून थर जुना ठरत नाही. दुसरी खूण सुरूची. किनाऱ्यावर सुरूच्या लागवडी एकोणिसाव्या शतकापासूनच्या, आणि सुरूचा पराग वाऱ्यावर घाटापर्यंत येतो. काजू मिळून सुरू नाही, असा पट्टा सापडला तर तो मधल्या काळातला असण्याची शक्यता मोठी. सांगे-धारबांदोड्यात लोहखनिजाची धूळ ही आणखी एक खूण. खाणी विसाव्या शतकाच्या मध्यापासून वाढल्या, आणि कोअरवर चुंबकीय ग्राह्यता (गाळ चुंबकाला किती प्रतिसाद देतो ते) दर सेंटिमीटरला मोजली तर वरच्या भागात चढ दिसू शकतो. मात्र हेमटाइटचे चुंबकत्व मंद असते. नुसत्या मातीच्या धुपेनेही असाच चढ येतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली तांबडे खनिजकण बघून खात्री करा.

पाच-सहा तारखा हाती आल्या की बेकन या संगणकीय पद्धतीने खोली आणि वय यांचा वक्र काढतात. पुराच्या वाळूचा थर एका दिवसात पडलेला असतो. तो वक्रात क्षणिक थर म्हणून वजा केला नाही तर सगळ्या तारखांचे मध्यांतर ताणले जाते.

जांभ्याच्या मुलुखात जाळून वजन करताना

सेंद्रिय भाग मोजायची सोपी रीत अशी: गाळ १०५ अंशावर रात्रभर वाळवा, तोला, ५५० अंशावर ४ तास जाळा, पुन्हा तोला. घट म्हणजे सेंद्रिय पदार्थ. गोव्यात ही रीत फसवते. जांभ्याच्या मातीतल्या गोथाइट आणि गिब्साइट या खनिजांच्या रचनेतच पाणी असते, ते ३०० अंशाच्या आसपास उडते. केओलिन मातीतले ४५० ते ५५० अंशात उडते. ही सगळी घट सेंद्रिय म्हणून मोजली जाते, आणि कमी सेंद्रिय थरात निम्म्याहून जास्त आकडा खोटा असू शकतो. म्हणून दर दहावा नमुना मूलद्रव्य विश्लेषकात देऊन खरा कार्बन मोजा आणि दोघांचा मेळ घाला. ९५० अंशाची कार्बोनेटची पायरी जांभ्यात वगळलीत तरी चालेल, चुना तिथे जवळजवळ नसतोच.

पराग वेगळे काढणे

दर ४ सेंटिमीटरला १ घन सेंटिमीटर नमुना घ्या. मऊ गाळ पिचकारीच्या कापलेल्या नळीत भरला तर घनफळ बिनचूक येते. सगळे काम पॉलिप्रोपिलिनच्या ५० मिलिलिटर नळ्यांत. प्रत्येक पायरीनंतर ३,००० फेऱ्यांवर ५ मिनिटे सेंट्रिफ्यूज करा आणि वरचे पाणी एका झटक्यात ओता. हात थरथरला तर पराग गेले.

पहिल्यांदा लायकोपोडियमच्या बीजाणूंची एक गोळी घाला. गोळीत किती बीजाणू हे बाटलीवर छापलेले असते, आणि त्यांच्याशी ताडून पुढे परागांची संख्या काढतात. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात गोळी फसफसून विरघळते, आणि गाळातला थोडा लोहगंजही सुटतो. जांभ्याच्या भागात हे आम्ल गरम करून दोनदा द्यावे, नाहीतर पराग तांबड्या कवचात गुंडाळलेले राहतात. लायकोपोडियमचे भाऊबंद सह्याद्रीतही वाढतात, म्हणून प्रत्येक कोअरमधले दोन नमुने गोळी न घालता तयार करून बघा.

मग १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, उकळत्या पाण्याच्या भांड्यात १० मिनिटे. द्रव कॉफीसारखा काळा होतो. १५० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा आणि जाळीवरचे फेकू नका. त्यातच बिया, पानांचे तुकडे आणि मोठा कोळसा असतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. चिकणमाती फार असेल तर ५ टक्के सोडियम पायरोफॉस्फेटमध्ये गरम करून बारीक जाळीवर धुता येते. पण जाळी ५ मायक्रॉनचीच घ्या. युरोपातल्या कृतींमधली १० मायक्रॉनची जाळी वापरली तर एलिओकार्पससारखे बारीक पराग वाहून जातात आणि नकळत सदाहरित रानच आकड्यांतून कमी होते.

उरलेली सिलिका घालवायला ४० टक्के हायड्रोफ्लोरिक आम्ल. हे कातडीतून हाडापर्यंत जाते आणि पहिल्या तासात दुखतही नाही. धूरकपाट, जाड निओप्रिनचे हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल या चारपैकी एक जरी नसेल तरी बाटली उघडू नये. एकट्याने तर कधीच नाही. काच वापरू नका, ती विरघळते. रात्रभर थंड ठेवा, सकाळी आम्ल चुन्याच्या बादलीत ओता, आणि लगेच गरम १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल द्या. आधी पाणी घातले तर सिलिकाचे जेल बनते आणि नमुना खळीसारखा होतो. ही सोय नसेल तर २.० घनतेच्या सोडियम पॉलिटंगस्टेटमध्ये पराग तरंगवून घ्या. थोडे पराग कमी मिळतात, पण हात सलामत राहतो.

शेवटी असेटोलिसिस, म्हणजे उरलेला सेल्युलोज आम्लाने घालवणे. आधी ग्लेशियल असेटिक आम्लाने धुऊन पाणी पूर्ण काढा, कारण पुढच्या मिश्रणाला पाणी लागले की ते उसळते. ९ भाग असेटिक अॅनहायड्राइडमध्ये १ भाग तीव्र गंधकाम्ल थेंबाथेंबाने घाला, उलट नाही. पाण्याच्या भांड्यात ३ ते ४ मिनिटे ठेवा. मिश्रण मधासारखे होते. जास्त वेळ ठेवले तर पराग काळपट होऊन त्यांची नक्षी दिसत नाही. पुन्हा ग्लेशियल असेटिक, मग पाणी, मग अल्कोहोल, आणि सिलिकॉन तेलात साठवण. ग्लिसरीन स्वस्त आहे पण त्यात पराग महिन्यागणिक फुगतात. गवताच्या परागाचा आकार मोजायचा असेल तर ते चालणार नाही.

मोजणी

४०० पटीवर काचेच्या पट्ट्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पूर्ण बघा. बारीक पराग कडेकडे सरकतात, नुसते मधले मोजले तर हिशेब बिघडतो. जमिनीवरच्या वनस्पतींचे किमान ३०० पराग मोजा. लव्हाळे, केवडा आणि नेच्यांचे बीजाणू या बेरजेत धरू नका, ते पाणथळीचेच रहिवासी आहेत, आणि एका झुडुपाने सारी टक्केवारी हलते. समजा ३०० परागांबरोबर १५० लायकोपोडियम दिसले आणि गोळीत १८,००० होते, तर १ घन सेंटिमीटरमध्ये ३६,००० पराग. हा आकडा हजाराच्या खाली गेला आणि दिसणारे पराग कुरतडलेले असले तर तो थर सुकलेला होता. त्याची टक्केवारी आलेखात घालू नका. टिकाऊ कवचाच्या नेच्यांचे बीजाणूच तिथे उरतात, आणि त्यांवरून ‘त्या काळी ओलावा फार होता’ असा अगदी उलटा निष्कर्ष निघतो.

ओळख पटवायला स्थानिक संग्रह लागतो. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेत आणि लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेत मोठे संग्रह आहेत. तरी आपल्या पाणथळीभोवतालची शंभरेक झाडे फुलात असताना नमुना घेऊन पट्ट्या स्वतः तयार कराव्यात. इथला सर्वांत मोठा खड्डा एका गटात आहे. माटी आणि किंदळ ही पानझडी रानातली झाडे, अंजनी सदाहरित रानातली. या दोन कुळांचे पराग इतके सारखे की ते एकाच नावाखाली मोजावे लागतात. हा गट वाढला म्हणजे रान कोरडे झाले, असे म्हणता येत नाही. जांभळाचा तिकोनी पराग सहज ओळखू येतो, पण जांभळाच्या जाती नदीकाठापासून माथ्यापर्यंत आहेत. जंगली जायफळाची झाडे डोक्यावर सावली धरून असली तरी गाळात त्यांचा पराग अगदी विरळ. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते, मात्र एका सेंटिमीटरच्या नमुन्यात पुष्कळदा दहा-वीस वर्षे मिसळलेली असल्याने हा हिशेब आपोआप सरासरीत येतो.

यासाठी जुना गाळ वाचण्याआधी आजचा वाचायचा. सदाहरित रान, पानझडी रान, सडा, कुळागर, भातशेत अशा प्रत्येक ठिकाणी १०×१० मीटरच्या चौकटीतून दहा चिमट्या पृष्ठावरची माती आणि शेवाळ घेऊन एकत्र करा आणि त्याच पद्धतीने मोजा. डोळ्यांनी दिसणारे रान आणि परागांतले रान यांतला फरक हातात असल्याशिवाय खालच्या थराबद्दल बोलू नये.

पाऊस की माणूस

खारगोळ आणि चांदोडा ही उघडी जागा मिळताच धावून येणारी झाडे. त्यांचे पराग वाढले, त्याच थरात १२५ मायक्रॉनपेक्षा मोठा कोळसा वाढला, आणि काही सेंटिमीटर वर पुन्हा जुने रान परतले, तर ती बहुधा कुमेरी. मोठा कोळसा दूर उडत नाही, म्हणून आग जवळची. कोळशाबरोबर गवत वाढले, पण लव्हाळे, शैवालाचे अवशेषही कमी झाले आणि थराला नारिंगी छटा आली, तर पाणीच उतरले होते. गुरांच्या शेणावर वाढणाऱ्या स्पोरोर्मिएला बुरशीचे बीजाणू चराईची साक्ष देतात, जरी गव्यांचे शेणही तेच सांगत असले तरी. सुपारीचा पराग सातत्याने आला की जवळ कुळागर होते.

भाताचा पराग इतर गवतांपासून खात्रीने वेगळा काढता येत नाही. त्यासाठी फायटोलिथ, म्हणजे वनस्पतीच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण, बघावेत. भाताच्या पानातले पंख्यासारखे कण, ज्यांच्या कडेला माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असते, आणि तुसातले दोन शिखरांचे कण ही खूण स्पष्ट असते.

कार्बनचे समस्थानिक, म्हणजे कार्बन-१३ आणि कार्बन-१२ यांचे प्रमाण, हा तिसरा साक्षीदार. प्रकाशसंश्लेषणाच्या रीतीवरून वनस्पतींचे सी-३ आणि सी-४ असे गट पडतात, आणि हे प्रमाण दोन्हींत वेगळे असते. झाडे आणि सावलीतल्या वनस्पती सी-३ गटातल्या, त्यांचे मूल्य सरासरी उणे २७ प्रति हजार. सड्यावरची बहुतेक उष्ण गवते सी-४ गटातली, सरासरी उणे १३. गाळाचे मूल्य उणे १३ कडे सरकले तर गवत वाढले. निलगिरीतल्या कुजक्या गाळावर १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या कामाने याच रीतीने दाखवले की शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात तिथे गवताळ, कोरडे दिवस होते आणि नंतर पाऊस वाढला. पण भात सी-३ आहे. रान तोडून भात केला तर समस्थानिकांत काहीच हलत नाही, आणि नुसत्या त्यांवर विसंबणाऱ्याला रान शाबूत वाटते. लव्हाळ्यांत दोन्ही गट आहेत, हेही विसरू नये.

तुलना करताना उंचीचे भान ठेवा. निलगिरीतल्या त्या जागा २,००० मीटरच्या आसपासच्या, गोव्याच्या घाटाला ती उंचीच नाही, आणि तिथले शोला (डोंगरमाथ्यावरची खुजी सदाहरित राने) आणि गवताळ भाग यांचे नाते इथे लागू पडत नाही. जवळचा साक्षीदार कारवारसमोरच्या समुद्रातला आहे. तिथल्या गाळातल्या परागांवरून सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीपासून हवा पूर्वीपेक्षा कमी दमट झाल्याचे १९९४ साली मांडले गेले. आपल्या कोअरमध्ये त्या सुमाराला काही दिसते का, हे जरूर बघा, पण तारखेची चूक दोनशे वर्षांची असताना ४,२०० वर्षांपूर्वीच्या प्रसिद्ध कोरड्या काळाला आपला बदल चिकटवू नका.

शेवटची कसोटी भूगोलाची आहे. पाऊस सत्तरीत कमी झाला तर सांग्यातही झाला असणार, कुमेरी मात्र एका डोंगरापुरती असते. म्हणून वेगवेगळ्या खोऱ्यांतल्या किमान तीन पाणथळींत एकाच सुमाराला, दोन-तीन वेगळ्या साक्षीदारांनी तेच सांगितले, तरच पावसाचे नाव घ्यावे. एकाच कोअरवरून लिहायचे असेल तर ‘या दरीत’ इतकेच लिहावे.

कोअरचा अर्धा भाग उभा चिरून न वापरता ४ अंशावर जपून ठेवा, खोलीच्या खुणा आणि छिद्राच्या नोंदवहीच्या प्रतीसह. आणि ज्या गावाने पाणथळ दाखवली, तिथल्या पंचायतीत आणि शाळेत आलेखाची एक मोठी छापील प्रत मराठी किंवा कोंकणी नावांसह द्या. माटी, किंदळ, खारगोळ ही नावे तिथे वाचणाऱ्याला लगेच कळतात, आणि ‘हा कोळशाचा पट्टा अमुक उतारावरचा असणार’ हे पुष्कळदा तिथूनच कळते.